सारवलेली जमीन

पनवेल, ११ सप्टेंबर २००८

दादा,

'प्रिय' मुद्दाम लिहिलं नाही. तू फोन कट करतोस, मेल उघडत नाहीस, म्हणून कुरिअर. सही केल्याशिवाय पाकीट मिळत नाही, म्हणजे ते तुझ्या हातात पडलं एवढं तरी मला कळेल. गणपतीत सगळे विचारत होते, जीवन का नाही आला? आई म्हणाली, "त्याला सुट्टी नाय." आई खोटं बोलली की तिचा हात पदराशी जातो. तसा गेला.

कामाचं लिहिते. आबा आपला गाळा बँकेला द्यायला निघालेत, एटीएमसाठी. तू वायरी ओढलेला, मी रंग दिलेला आपला सायबर कॅफे. आबांचं म्हणणं, "दिसभर पोरा गोल्या मारतान न घरा जातान. यो काय धंदा हाय?" मी भांडले, रडले, शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. २६ ऑक्टोबरला, रविवारी, स्पर्धा ठेवली आहे. पाच-पाच पोरांच्या टीम, पोलीस विरुद्ध अतिरेकी, तोच आपला गोळीबाराचा गेम. कॅफे भरला आणि मारामारी न होता स्पर्धा पार पडली तर आबा बँकेला नाही म्हणणार. नाहीतर दिवाळीनंतर खुर्च्या विकायच्या.

अडचण अशी की गेममधले चालू मॅप, त्यातल्या गल्ल्या-कोपरे, सगळ्या पोरांना तोंडपाठ आहेत. कुठल्या खोक्यामागे कोण लपतो हे सातवीतला मुलगाही सांगतो. म्हणून मी जाहीर करून बसले आहे, फायनल कुणीच न पाहिलेल्या मॅपवर होईल. असा मॅप बनवणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो पुण्यात गेमच्या कंपनीत बसतो आणि बहिणीचा फोन कट करतो.

आपल्या गावाचा मॅप, 'मिठागर', नव्याने बांधून दे. जुना सगळ्यांनी खेळलाय, आणि जुन्यावरूनच तू गेलास. आपल्या पाडलेल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर मी हट्टाने तुझ्याकडून त्यात करून घेतलं होतं, शेणाने सारवलेल्या जमिनीसकट. सैनिक बूट घालून आत शिरला की त्याचं रक्त कमी होत जायचं, आईचा नियम. वाचायचं तर मांडलेल्या पाटांवरून उड्या मारत मागच्या दाराने बाहेर. पोरं किती हसायची! गेल्या दिवाळीत शेवटच्या डावात नेरूळचा पोरगा त्या जमिनीवर मेला. त्याने कीबोर्ड फेकला, खुर्च्या फुटल्या, आणि तू सगळ्यांदेखत मला म्हणालास, "ही सर्कस आहे, मॅप नाही." हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळलं पाहिजे, हे तुझं म्हणणं. हरणाराही हसत घरी गेला पाहिजे, नाहीतर तो पुन्हा येणार नाही, हे माझं. मग मी म्हणाले, "तुला हसता येत नाही म्हणून दुसऱ्यालाही हसू देत नाहीस." दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. भाऊबीजेला मी पाट मांडला तो मांडलेलाच राहिला. रांगोळी शेवटी मांजराने पुसली.

तर या वेळी तुझ्या मनासारखं कर. मी एक शब्द बोलणार नाही. एक सीडी मला पाठव आणि एक दीनानाथ सरांना, कारण पंच तेच आहेत. तिसऱ्या कुणाला नको. मॅप फुटला तर स्पर्धा गेली आणि कॅफेही गेला.

मनिषा


पनवेल, २४ सप्टेंबर २००८

दादा,

सीडी मिळाली. पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. ठीक आहे.

मॅप बघितला. एक शब्द बोलणार नाही म्हणाले होते, पण तू मला ओळखतोस. गाव अगदी धुऊन काढलंयस. कोंबड्या गेल्या, तळ्यातली बदकं गेली, विहिरीत उडी मारली की वर फेकला जायचा तो माणूस गेला. आता एका टोकाला पोलीस, दुसऱ्या टोकाला अतिरेकी, आणि मध्ये बॉम्ब लावायची एकच जागा, मिठाची रास. तिथे जायच्या तीन वाटा: खाडीचा बांध, मधली गल्ली, आणि आपलं घर. बांधावर लपायला काही नाही, गल्लीत वळणं आहेत, सगळं मोजूनमापून. चांगला झालाय. हे लिहायला मला जड जातंय हे ध्यानात घे.

पण घराची वाट मला खटकते. ओटी, स्वयंपाकघर, मागचं दार, की समोर रास. अतिरेक्यांच्या बाजूने निघालं तर तिथून सगळ्यांच्या आधी पोचतो माणूस. तूच सांगायचास ना, दोन्ही टीम मधल्या जागी एकाच वेळी पोचल्या पाहिजेत, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही? मग हे काय? तुझ्या हातून अशी चूक होत नाही, म्हणजे ही चूक नाही. अर्ध्या वेळानंतर टीम बाजू बदलतात हे मलाही कळतं. पण पहिल्यांदा अतिरेकी कोण होणार? ते कुणाला आधीच माहीत आहे का?

आणि जमीन साधी करून टाकलीस. पाटसुद्धा उचललेस. नियमच ठेवायचा नव्हता तर स्वयंपाकघर ठेवलंस कशाला? तू बिनकामाची वस्तू ठेवत नाहीस, म्हणून मला त्या खोलीचा संशय येतो.

मी एकटीनेच तपासलाय. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदम धावल्याशिवाय अंदाज येत नाही, म्हणून दुसरं कुणीतरी लागतंच. पण तो माणूस भरवशाचा आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

मनिषा


पनवेल, ६ ऑक्टोबर २००८

जीवन,

आज दादा नाही.

काशिराम तुला आठवत असेल. बांधाकडच्या घरातला, तळोज्याला कारखान्यात आहे, आता आपल्या टीमचा कॅप्टन तोच. शनिवारी ड्युटीवरून येताना ओवे गावाच्या नाक्यावर चहाला थांबला. शेजारच्या बाकावर खारघरच्या टीमची पोरं होती. ती यालाच ओळखत नव्हती. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "बांधावर जायचंच नाही. घरात शिरायचं, किचन, मागचा दरवाजा, डायरेक्ट मीठ." काशिरामने मला येऊन विचारलं, "मनिषाताय, आपल्या नव्या मॅपान घर हाय का गं?" त्याला मी मॅपचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. आपल्याच टीमला दाखवला नाही, कारण मी शब्द दिलाय.

मॅप तिघांकडे आहे. माझ्याकडे, सरांकडे, तुझ्याकडे. मी फोडला नाही. सरांचा मला दोन दिवस संशय होता. त्यांचा क्लास चालत नाही, खारघरला नवीन शाखा काढायची म्हणतात. म्हणून मी काही न सांगता त्यांच्या घरी गेले. सीडी पाकिटातच होती, देवाच्या फोटोमागे. त्यांच्या कॉम्प्युटरवर गेम चालतच नाही. सर सुटले.

राहिलास तू. खारघरच्या टीमचा मालक प्रणित घरत. तू आणि तो कॉलेजला एका बाकावर बसायचात, परीक्षेला एकमेकांचं बघायचात. त्याचाही कॅफे आहे, आपला बंद झाला तर पनवेलची सगळी पोरं त्याच्याकडे जाणार. आणि त्याच्या मोबाईलमध्ये तुझा नंबर आहे, गेल्या महिन्यात बोलणं झाल्याचा. मी कुठे बघितला ते विचारू नकोस. बहिणीचा फोन कट करायचा आणि प्रणितशी बोलायचं? तुला आपला कॅफे बुडवायचाच आहे का? मी तेव्हा बोलले त्याची परतफेड?

आणि उगाच प्रणितवर ढकलशील म्हणून आधीच लिहिते. तो गेल्या गुरुवारी आला होता, आपला नेटवर्कचा स्विच बिघडला होता तो बघायला. वायरी सोडून त्याने कशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

घराची वाट काढून टाक. नाहीतर दुसरा मॅप दे. वेळ थोडा आहे.

मनिषा


पनवेल, १४ ऑक्टोबर २००८

जीवन,

दुसरी सीडी मिळाली. याही वेळी चिठ्ठी नाही. तुला लिहिता येतं ना अजून?

मी एवढं लिहिलं आणि तू घराची वाट तशीच ठेवलीस. काय बदललंस? कोंबडी! एक कोंबडी, लाल, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, उलट्या टोपलीवर. सबंध गावात दुसरं जनावर नाही. आधी मला बरं वाटलं. हसूच आलं. वाटलं, दादाने माझं ऐकलं, एक तरी कोंबडी परत आणली.

मग मी विचार केला. गंमत म्हणून एक खिळा जास्त न ठोकणारा माणूस कोंबडी कशाला ठेवील? मी दाराजवळून धावले तर ती ओरडली. प्रत्येक वेळी ओरडते. म्हणजे आतून कुणी आलं की रासेजवळच्याला कळणार. ज्याला कोंबडीचं माहीत आहे तो बंदूक रोखूनच उभा राहील, ज्याला माहीत नाही तो मरेल. तू घराची वाट बंद केली नाहीस, तिच्यावर राखणदार बसवलास. कुणासाठी ते सांग.

मी ही सीडी कुणालाही दाखवलेली नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. एक नंबरच्या मशीनवर टाकली आहे, पासवर्ड मला एकटीलाच माहीत.

*

त्याच दिवशी संध्याकाळी.

पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून इथेच लिहिते. आता पुरावा मिळाला. प्रणित घरतचा फोन आला होता, स्पर्धेच्या वेळा विचारायला. ठेवताना हसून म्हणाला, "काय मॅडम, तुमची कोंबडी अंडी देते की नुसतीच ओरडते?" त्याला म्हटलं, कुठली कोंबडी? तर म्हणाला, "जाऊ दे, गंमत केली."

सीडी येऊन चार दिवस झालेत. खारघरला कोंबडी माहीत आहे. मी नाही, सर नाहीत, मग कोण रे? रविवारी तो आला होता, पण स्विचचंच उरलेलं काम होतं, आणि मी चहा टाकायला आत गेले तेवढाच काय तो एकटा होता. मशीन चालू होतं, पण चहाला किती वेळ लागतो? तेवढ्यात कुणी गाव फिरून येतं का?

तू मला उत्तर दे. सीडी नको, उत्तर दे.

मनिषा


पनवेल, २१ ऑक्टोबर २००८

दादा,

तुझं कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड! पोस्टमनने वाचलं असणार, आईने तर वाचलंच. वर्षभरात चार वाक्यं लिहिलीस आणि तीही अशी. "प्रणितचा फोन आला होता, मॅप मागत होता. मी नाही म्हणालो. मग त्याने मागायचं थांबवलं. कोंबडी फक्त तुझ्या सीडीत आहे, सरांच्या नाही."

सरांकडे जाऊन खात्री केली. त्यांची सीडी कॅफेत आणून लावली, सरांनाच बसवलं. टोपली आहे, कोंबडी नाही. सर म्हणाले, "मनिषा, तुला घाम का आलाय?"

म्हणजे तू कोंबडी बसवलीस ती माझ्यावर नजर ठेवायला. सख्ख्या बहिणीवर. एक शब्द न विचारता. प्रणितने मॅप मागितला हे तू मला फोन करून सांगू शकत होतास. पण नाही. तुला आधी बघायचं होतं की मी चोर आहे का.

मी चोर नाही. मी त्याला पहिला मॅप दाखवला, कबूल. कुणीतरी समोरून धावायला हवं होतं, आणि तो समोर होता, आणि तू नव्हतास. दुसरा मी दाखवला नाही. त्याने बघितला असेल, किंवा पेनड्राइव्हवर घेतला असेल. मला माहीत नाही. मला हेही माहीत नाही की आपला स्विच खरंच बिघडला होता का. दोनदा तो येऊन गेल्यावरच बंद पडला.

पण तू तरी त्याला ओळखतोस का? तो वाईट नाही. दिवाळीनंतर त्याच्या घरचे आपल्याकडे येणार आहेत, आबांशी बोलायला. कशासाठी ते तुला कळलं असेल. मला त्याने स्वतःच सांगितलं, स्विचचं झाकण लावताना, माझ्याकडे न बघता. तसं बोलणारा माणूस कोंबड्या चोरायला येतो का? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. कधी वाटतं, त्याने पोरांना सहज बोलता बोलता सांगितलं असेल. कधी वाटतं, त्याच्यासाठी मी नव्हतेच, फक्त मॅप होता. त्याला विचारलं तर तो हसून काहीतरी सांगेल आणि मी विश्वास ठेवीन, म्हणून विचारत नाही.

दीनानाथ सर म्हणाले, तुझं आणखी एक पाकीट आलंय, चिकटपट्टीने बंद, 'फायनलच्या वेळी सगळ्यांसमोर उघडावे'. मला त्यातलं काही पाठवलं नाहीस. बरोबर आहे तुझं. मीही पाठवलं नसतं.

पण ऐक. त्यात तू काही लबाडी केली असशील, आपली टीम जिंकावी म्हणून किंवा त्यांची फजिती व्हावी म्हणून, तर कॅफे वाचला तरी मला नको. काशिराम वर्षभर ड्युटी करून येऊन खेळतोय. त्याला खरं जिंकू दे, नाहीतर खरं हरू दे.

मनिषा


पनवेल, २७ ऑक्टोबर २००८

दादा,

वेणूमावशी आज पुण्याला जाते आहे, हे पत्र तिच्या हाती देते. कुरिअरने गुरुवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही.

काल काय झालं ते सांगते. तुझ्यापर्यंत दुसऱ्या कुणाकडून आलं असेल तर तेही खरंच असेल, मी काही लपवणार नाही.

कॅफे भरला होता. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडकीला पोरं लटकलेली. आबा दुपारी आले आणि दारातच उभे राहिले, आत यायला जागा नव्हती. फायनलला आपली टीम आणि खारघर. सरांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, सीडी मशीनवर चढवली, नाणं उडवलं. अतिरेकी खारघर, पोलीस आपले. प्रणित स्वतः खेळायला बसला होता, पाच नंबरला. बसताना माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. हे लिहायला लाज वाटते, पण हसले.

डाव सुरू झाला. आपली पोरं गोंधळली, नवं गाव, कुठे जायचं कळेना. कुणी गल्लीत डोकावतोय, कुणी बांधावर चढून लगेच खाली येतोय. काशिराम घराच्या मागच्या दाराशी पोचला आणि थबकला. चौकटीवर पाटी होती, 'चपला बाहेर काढा'. तो उभा राहून वाचत होता. एवढ्यात खारघरचे पाचही जण, इकडे नाही तिकडे नाही, ओटीवरून सरळ स्वयंपाकघरात. ओटीच्या दारावरही तीच पाटी होती, कुणी वर बघितलंच नाही. एकामागून एक, पाचही जण, सारवलेल्या जमिनीवर. पाट मांडलेले होते, ओळीने, उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत. त्यांच्या मधून धावले. खोली ओलांडायच्या आत पाचही मेले. गोळी एकही सुटली नाही.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग दारातून आबा हसले. आबांना तू कॅफेत हसताना कधी बघितलंयस? "अरं, बूट घालून चुलीपाशी शिरतान, मंग दुसरा काय व्हनार!" सगळा कॅफे हसला. खारघरची दोन पोरंही हसली.

प्रणित नाही हसला. खुर्ची मागे सारून उठला आणि ओरडला, "सर, हे चीटिंग आहे. ही जमीन आधी मारत नव्हती!"

सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "आधी म्हणजे कधी, प्रणित?"

त्याला कळलं आपण काय बोललो. त्याने सगळीकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं. "हिलाच विचारा. हिनेच दाखवला."

'हिलाच'. दोन महिने मी मनिषा होते, मॅडम होते. तेवढ्या एका शब्दाने मला सगळं कळलं. मला खूप वाईट वाटलं. अजून वाटतंय. तू जवळ असतास तर तुझ्या शर्टाला नाक पुसलं असतं.

मी उठले आणि म्हणाले, "हो. मी दाखवला. आपल्या टीमला नाही दाखवला, ह्याला दाखवला, वर चहाही पाजला." आबा दारात होते. काशिरामने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. सर म्हणाले, स्पर्धा रद्द करावी लागेल. तेव्हा काशिरामच बोलला. "नको सर. खेलू द्या. आता सगल्यांनाच म्हायती हाय जमीन मारते. पाटी वाचनाऱ्याला काय झाला नाय."

खेळले. खारघरची पोरं पुढच्या डावात पाटांवरून उड्या मारायला शिकली, एक घसरून मेला की सगळे ओरडायचे. मारामारी झाली नाही. पण त्यांनी एकच वाट पाठ केली होती, बाकीचं गाव त्यांना ठाऊकच नव्हतं. बाजू बदलल्यावर तर ती पार हरवली. आपण जिंकलो. हरणाऱ्यांना आपण का हरलो ते कळलं, आणि प्रणित सोडून सगळे हसत घरी गेले. तो शेवटचा डाव सुरू व्हायच्या आधीच उठून गेला होता. त्याच्या घरचे आता काही येणार नाहीत.

तुझी ती जमीन स्पर्धेची होती की गमतीची, याच्यावर आपण पुन्हा भांडू शकतो. माझी तयारी आहे.

सगळे गेल्यावर काशिराम बक्षिसाची ढाल घेऊन निघाला, दाराशी थांबला आणि म्हणाला, "मनिषाताय, पुढच्या टायमाला चहा आमाला पन दे." मग मला रडू फुटलं. रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, "बँकवाल्याला नाय सांगतंव." आणि माझ्या ताटात भाकरी टाकत, "त्या घरताच्या पोराला परत दारान उभा करू नको." झालं. कॅफे राहिला.

तरी माझा राग गेलेला नाही. तू कोंबडी बसवलीस. मी चुकले होते, तरी बसवायची नव्हती. हे मी तुला तोंडावर बोलणार आहे.

आज सकाळी मशीन चालू करून मी एकटीच त्या गावात फिरले. घरात गेले. पाटांवर पाय ठेवत मागच्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि तेव्हा दिसलं, भाताच्या कणगीच्या शेजारी आणखी एक पाट आहे. ओळीत नाही. त्याच्यावरून कुठल्याच दाराला जाता येत नाही. मला लगेच संशय आला. त्याच्यावर उभी राहून बघितलं, तिथून कुणाला गोळी लागते का. लागत नाही. खिडकीही दिसत नाही, फक्त भिंत. खाली वाकून बघितलं, तर पाटाभोवती बारीक पांढरी रेघ. गोळ्याही झाडून बघितल्या. काही झालं नाही. मी चिडले. तुझ्या मॅपमध्ये बिनकामाची वस्तू असूच शकत नाही, मग ही कशाला, कुणासाठी?

तेव्हा आई गाळ्यामागे घरच्या मोरीत दिवाळीसाठी पाट घासत होती. घासून तिने एकेक पाट भिंतीला टेकवून उन्हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघत बसले. मग स्क्रीनकडे बघितलं. जुन्या घरात तुझा पाट कणगीशेजारीच असायचा, तोंड पूर्वेला. पांढरी रेघ म्हणजे रांगोळी.

दादा, येत्या गुरुवारी भाऊबीज आहे. मी पाट मांडते, मांजर कोंडून ठेवते. तू ये. चपला बाहेर काढ.

मनिषा